अनसूयाबाईचं शेवटचं लुगडं

आमची आई पहिल्यांदा वारली ती दसऱ्याच्या आधीच्या एका मंगळवारी, आणि त्या वेळी ती मागच्या ओसरीवर बसून तुरीची डाळ निवडत होती.

आपण वारलो आहोत हे तिला शेजारच्या वेणूबाईंकडून कळलं. वेणूबाई मागच्या दारानं रडत रडत आत आल्या, सवयीनं आईच्याच शेजारी बसल्या, आईच्याच पदराला डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अवं, अनसूया गेली वं!"

"कोनती अनसूया?" आईनं सुपातला खडा बाजूला काढत विचारलं.

मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. या सगळ्याला जबाबदार मी होतो. म्हणजे मी आणि पोस्टानं शिकवली जाणारी विक्रीकला.

माझी नात सध्या मिहान या नव्या उद्योगनगरीतल्या एका कंपनीत कामाला आहे. मोबाईलवर वस्तू चाळत बसलेल्या माणसाला 'विकत घ्या' या बटणावर बोट ठेवावंसं कसं वाटेल, हे ठरवणं तिचं काम. (बटण केशरी असावं की हिरवं, यावर शिकलीसवरलेली माणसं दिवसभर बसतात, आणि त्याचा पगार घेतात!) परवा ती मला समजावत होती, "आजोबा, वस्तूच्या खाली लाल अक्षरात 'फक्त दोनच शिल्लक' असं लिहिलं नं, की माणूस विचार करायचाच थांबतो." मी म्हटलं, "बाई, हे आम्ही आमच्या टिमकी वस्तीत भोंग्यावर करून बसलो आहोत." तिला वाटलं, म्हातारा थापा मारतो आहे. म्हणून हे लिहून काढतो.

आम्ही टिमकीचे कोष्टी. पुढच्या खोलीत बाबांचा माग आणि बाकीच्या घरात आम्ही. बाबा नऊवारी लुगडी विणायचे, पण काठाचे रंग आई ठरवायची. त्यामुळे बायका मागतानाच म्हणायच्या, "अनसूयाबाईचं लुगडं दाखवा." रात्रंदिवस धोटा फेकणाऱ्या बाबांचं नाव त्यात कुठेच नसायचं. बाबांना त्याचं वाईट वाटलं असेल तरी ते बोलले नाहीत. ते एकूणच कमी बोलत.

मग गोल साड्या आल्या. नायलॉनच्या, छापाच्या, धुतल्या की लगेच वाळणाऱ्या. इतवारीच्या बाजारातला आमचा दुकानदार एक दिवस हात जोडून म्हणाला, "लुगडं आता चालत नाही, पुढचा माल आणू नका." घरात लुगड्यांचा ढीग साचला. तो फळीवर मावेना तेव्हा बाबा जेवता जेवता म्हणाले, "दसऱ्यापर्यंत हा ढीग नाही हालला, तं मी माग उकलून टाकतो. लाकडं इकतो आन गिरणीत पाळीवर जातो."

"आन मी कांड्या कोनाच्या भरू?" आईनं विचारलं.

बाबांनी पुढचा घास घेतला. लग्न होऊन आल्यापासून आई त्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत आली होती. ती पानावरून उठली, मागाजवळ गेली आणि नुसताच त्यावरून हात फिरवून आली. मला ते पाहवलं नाही. मी ठरवलं, ढीग मीच विकून दाखवणार!

आता माझी पात्रता सांगतो. मी बी.कॉम.ला गटांगळ्या खात होतो आणि मुंबईच्या एका संस्थेकडून पोस्टानं विक्रीकला शिकत होतो. पहिल्या पाठात होतं, वस्तू विकू नका, भावना विका. दुसऱ्यात, ग्राहकाला घाई लावा. तिसऱ्यात, माल संपत आला आहे असं भासवा. चौथ्यात, सोबत काहीतरी फुकट द्या. (पाचवा पाठ पोस्टात गहाळ झाला. 'जाहिरात आधी घरच्यांना वाचून दाखवा' हे बहुधा त्यात असावं.)

मी लगेच कामाला लागलो. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे चौकोन कापले, लाल शाईनं त्यावर लिहिलं, 'शेवटचं लुगडं. त्वरा करा!' आणि ढिगातल्या प्रत्येक लुगड्याला टाचणीनं एकेक चौकोन लावला. बाबा मागावरून बघत होते.

"सारेच शेवटचे?" त्यांनी विचारलं.

"ही विक्रीकला आहे, बाबा."

"मंग पह्यलं कोनतं?" एवढं विचारून त्यांनी पुन्हा धोटा फेकला.

गावभर सांगायचं तर गणपतराव भोंगेवाल्यांना पर्याय नव्हता. सायकलरिक्षावर भोंगा बांधून ते फिरत. सर्कस आली, बकरी हरवली, सगळं टिमकीला त्यांच्या तोंडून कळायचं. आवाज मात्र असा दाटलेला, की सर्कस आली म्हटलं तरी ऐकणाऱ्याला गलबलून यावं. मी त्यांना मजकूर दिला आणि पहिल्या पाठाची आठवण ठेवून बजावलं, "गणपतराव, भावना पाहिजे."

"म्हंजे? रडू का?"

"रडायचं नाही हो. पण ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घातला पाहिजे."

"मंग आधी भजनाची तबकडी लावतो," गणपतराव म्हणाले. "माह्यापाशी एकच हाय. मधात थोडी अडकते."

"लावा!" मी म्हटलं.

मंगळवारी सकाळी रिक्षा निघाली. आधी अडकत अडकत भजन, आणि मग भरल्या गळ्यानं गणपतराव:

"बंधूभगिनींनो! टिमकीच्या अनसूयाबाई! अनसूयाबाईंचं शेवटचं लुगडं! आजच या, उद्या उशीर होईल! डोळे भरून पाहून घ्या, पुन्हा पाहायला मिळणार नाही! सोबत ओटीचं सामान आमच्याकडून! राहत्या घरी, दुपारी चार वाजेपर्यंतच!"

हा मजकूर मी कितीदा तरी वाचला होता आणि दर वेळी स्वतःवर खूश झालो होतो. घाई होती, भावना होती, फुकट होतं. 'विक्री' हा शब्द मी मुद्दामच गाळला होता. वस्तू विकू नका, असं पाठातच होतं ना!

आता आमच्याकडची रीत अशी, की सवाष्ण बाई गेली की तिची ओटी भरायची आणि माहेराहून आलेलं लुगडं तिच्या अंगावर घालायचं. त्यालाच शेवटचं लुगडं म्हणतात. टिमकीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात ग्राहक सोडून काहीही शिरत नव्हतं.

मी गल्लीच्या तोंडाशी ग्राहकांच्या स्वागताला उभा राहिलो. आणि ग्राहक आले! घोळक्यानं आले! बायका मान खाली घालून, पुरुष खांद्यावर पंचा टाकून. काहीजण आमच्या घरापासून बऱ्याच अलीकडे चपला काढत होते, हे मला ग्राहकाच्या मानानं जरा जास्तच आदराचं वाटलं. दोघेजण तर चांगले लांब बांबू घेऊन आले. लुगडी टांगून दाखवायला सोय होईल म्हणून कुणीतरी आपणहून आणले असतील, असं समजून मी त्यांना नमस्कार केला.

बांबूवाल्यांतले मोठे माझ्याजवळ आले. "कशानं झालं गा, मधू?"

"सगळी आईची पुण्याई," मी विनयानं म्हणालो.

"तरास नाही नं झाला?"

"थोडा झाला. कालपासून चिठ्ठ्या लिहून हात भरून आला आहे."

त्यांनी खांद्यावरचा बांबू सावरला. "कधी नेऊन राहिले?"

"ज्याला पाहिजे त्यानं लगेच न्यावं!" मी म्हटलं. "घरपोच द्यायची सोय नाही आपल्याकडे."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या बांबूवाल्याला हळूच म्हणाले, "पोट्ट्याच्या डोक्यावर परिनाम झाला गा." मी ते ऐकलं, पण विक्रेत्यानं ग्राहकाचं बोलणं मनाला लावून घेऊ नये, हेही पाठात होतं.

इकडे घरात बाबांना यातलं काहीच कळलं नव्हतं, कारण माग चालू असला की त्या खोलीत तोफ उडाली तरी ऐकू येत नसे. खटक, खटक, खटक. तो आवाज बाहेर जमलेल्यांच्या कानावर पडला आणि बायकांना नवा हुंदका फुटला. "पाहा वं, बायको गेली आन तो इनूनच राहिला!" "तिचंच शेवटचं लुगडं असन वं बिचारा इनत!" माणसं डोळे पुसू लागली. मीही त्यांच्यामागोमाग अंगणात येऊन कुणाला काय दाखवू म्हणून विचारणार, इतक्यात घरातून आवाज आला, "मधू! इकडे ये!"

हातात सूप घेऊन आई दारात उभी होती आणि तिच्या मागे वेणूबाई, आता कशासाठी रडावं हे न कळून नुसत्याच रडणाऱ्या. अंगणातली सगळी माणसं एक पाऊल मागे सरली. एक बाई "माय वं!" म्हणून मटकन खाली बसली.

"मी कधी मेली गा?" आईनं मला विचारलं.

"आई, तू नाही... लुगडं... लुगडं शेवटचं आहे, असं..."

नेमक्या त्याच वेळी गल्लीतून भोंगा गेला. "डोळे भरून पाहून घ्या, पुन्हा पाहायला मिळणार नाही!"

आईनं ते ऐकलं. पूर्ण ऐकलं, ओटीच्या सामानापर्यंत. माझ्याकडे पाहिलं. सूप खाली ठेवलं. "बह्याडा!" ती म्हणाली. आमच्याकडे या शब्दात खुळेपणाचे सगळे प्रकार येतात, आणि तिनं ते सगळेच धरले होते. "जाय, पयले त्याले थांबव!"

मी धावत जाऊन रिक्षा अडवली. गणपतराव थांबायला तयार नव्हते. "चारपर्यंतचं ठरलं हाय. घेतलेलं काम मी अर्धं टाकत नाही."

"अहो, लोक समजतात आई गेली!"

"मंग तसं सांगतो," ते म्हणाले. त्यांनी तबकडी लावली, भजन अडकू दिलं आणि त्याच भरल्या गळ्यानं सुरुवात केली, "टिमकीच्या अनसूयाबाई! जिवंत आहेत हो! सर्वांनी खात्री करून घ्यावी! राहत्या घरी, चार वाजेपर्यंतच!"

झालं! आतापर्यंत फक्त ओळखीची माणसं आली होती. आता मेलेली बाई उठून बसली हे बघायला अनोळखीही निघाले.

मी परत आलो तेव्हा अंगण भरलं होतं आणि गर्दी फाडत उमरेडचे शंकरमामा आत येत होते. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. सूत आणायला म्हणून ते त्या दिवशी इतवारीत आले होते, तिथेच त्यांच्या कानावर भोंगा पडला. मग सूत राहिलं बाजूला, त्यांनी समोरच्या दुकानातून माहेरचं म्हणून लुगडं घेतलं आणि ते छातीशी धरून पळत सुटले.

"ताई वं!" मामांनी टाहो फोडला आणि आईच्या पायाशी कोसळले.

"शंकर, मी आहो. हे पाह्य, मी आहो नं!"

"हाव वं ताई, आता असंच म्हनशीन तू!" मामा रडतच म्हणाले. इतवारीपासून धरून ठेवलेलं रडणं त्यांना एकदम आवरता येईना. आईनं त्यांच्या पाठीत एक धपका घातला, तेव्हा कुठे त्यांना खरं वाटलं. मग ते हसायला लागले, मग पुन्हा रडले.

या गोंधळात बाबा मागावरून उठून बाहेर आले. अंगणभर माणसं, भिंतीला बांबू, पायाशी मेहुणा. त्यांनी मामांच्या हातातलं लुगडं घेतलं, काठ बोटांत धरून उजेडाकडे केला आणि म्हणाले, "हे तं आपलंच."

आमचा माल चालत नाही म्हणणाऱ्या त्याच दुकानदाराकडून, त्याच मालातलं लुगडं मामा घेऊन आले होते! म्हणजे मी सकाळपासून राबून, भोंगा लावून, साऱ्या टिमकीला रडवून घरातलं एकही लुगडं विकलं नव्हतं. उलट एक वाढवलं होतं. मी ते लुगडं बाबांच्या हातातून घेतलं, हाताच्या सवयीनं त्याला एक चिठ्ठी टाचली आणि ढिगाच्या तळाशी खुपसून दिलं.

माणसं आता ओशाळून पाय काढायला लागली होती. दसरा अगदी तोंडावर आला होता. बाबा त्या ढिगाकडे बघत होते, आणि आई बाबांकडे बघत होती. मग तिनं पदर खोचला.

"बसा वं साऱ्याजनी. चाय ठेवतो."

"नको वं, आता जातो आमी."

"जाता कुठं? मले न्हाऊ घालायले आल्या होत्या नं? मंग सवड काढूनच आल्या असान. बसा!"

बायका बसल्या. आईनं मला ढीग बाहेर आणायला लावला आणि एकेक लुगडं उलगडून थेट त्यांच्या मांडीवर टाकायला सुरुवात केली. विक्रीकला नाही, काही नाही.

"वेणू, हा काठ पाह्य. तुह्या रंगाले कसा खुलते!"

"नको वं, आता मी गोल साडीवर आली."

"मंग मी मेल्यावर नेसजो. माही याद म्हनून."

वेणूबाईंचे डोळे पुन्हा भरले आणि त्यांनी लुगडं काखेत मारलं. आई पुढच्या बाईकडे वळली. ती आधीच मान हलवत होती. "काहून वं?" आई म्हणाली. "मी मेल्यावर रडायले तयार होत्या साऱ्या. आता मी जिती आहो, तं एक लुगडं न्यायले काय होते?"

तिची मान हलायची थांबली! (नात सांगते, त्यांच्या मोबाईलवर 'नको' म्हणायचं बटण मुद्दाम बारीक अक्षरात, सापडणार नाही असं ठेवतात. आईकडे ते बटणच नव्हतं.) बायकांनी घेतली, बायकांनी घेतलेली पाहून बांबूवाल्यांनी घरच्यांसाठी घेतली, आणि खात्री करून घ्यायला आलेल्या अनोळखी लोकांनीही, एवढ्या लांब आलो तर, म्हणून घेतली. ओटीचं सामान मी प्रत्येकीला फुकट देत होतो. तेवढंच माझ्याकडे काम उरलं होतं.

ढिगाच्या तळाशी मामांनी आणलेलं लुगडं निघालं. हिरवं, लाल काठाचं. एका बाईनं त्याला हात घातला, तर आईनं ते ओढून घेतलं. "हे नाही इकायचं. हे माह्या माहेरचं आहे. खरंच लागन तवा कामी येईल." ते चिठ्ठीसकट तिनं ट्रंकेत तळाशी ठेवून दिलं.

बरोबर चारला गणपतराव भोंगा बंद करून अंगणात आले आणि माल संपल्याचं कळल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाहा! भावना पाहिजे म्हने!"

बाबा रिकाम्या फळीसमोर जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "सूत आनाले लागन." भिंतीकडे तोंड करून आईनं डोळे पुसले आणि ती कांड्या भरायला बसली. दिवसभरात एवढी माणसं तिच्यासाठी रडली, पण मला रडू आलं ते त्या वेळी. (बांबू आणणारे बांबू न्यायला विसरले. त्यांवर आमच्याकडे पुढे बरीच वर्षं सूत वाळत होतं.)

माग त्यानंतर पुष्कळ वर्षं चालला. बाबांचे हात थकले तेव्हाच थांबला. मी विक्रीकलेचे पाठ बंद केले आणि सरकारी कचेरीत लागलो. तिथे कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही.

आणि मग एका उन्हाळ्यात आई खरंच गेली. झोपेत, बाबांच्या आधी. मी उमरेडला मामांच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. मामांना बोलावलं. मी म्हटलं, "मामा, आई गेली."

"आता काय इकून राहिला गा, मधू?" मामा हसत म्हणाले.

मी काही बोललो नाही. पलीकडे मामांचं हसणं हळूहळू थांबलं. मग म्हणाले, "निघतो."

ते आले तेव्हा हात मोकळे होते. "माहेरचं लुगडं तिच्यापाशीच हाय," एवढंच म्हणाले. वेणूबाईंनी ट्रंक उघडली आणि तळाचं हिरवं लुगडं काढलं. बाबांनी काठावरून बोट फिरवलं. "रंग तिनंच ठरोला होता," ते म्हणाले. घडी उलगडली, आणि एक गंजलेली टाचणी आणि जाड कागदाचा चौकोन खाली पडला. वेणूबाईंनी तो उचलून माझ्या हातात दिला. लाल शाई फिकी झाली होती, पण अक्षर माझंच होतं. 'शेवटचं लुगडं. त्वरा करा!'

वेणूबाईंना रडता रडता हसू फुटलं, मग मामांना, मग मला. ढीगभर लुगड्यांवर मी तसल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्यातली खरी निघालेली ती एकच, आणि नेमकं तेवढंच लुगडं विकलं गेलं नव्हतं!